‘कुठेही चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी

‘कॉफीला कुठं भेटायचं?’ असं कोणी विचारलं आणि तुम्ही ‘कुठेही चालेल’ म्हणालात की संपलं. समोरच्यानं तेवढ्यात तुम्हाला जोखलेलं असतं. ज्याला कुठेही चालतं त्याला बहुधा काहीही चालत असणार, हा हिशेब त्याच्या मनात मांडून झालेला असतो. राजकारणात मत नसलं तरी हल्ली खपून जातं, देवाबद्दल मोघम बोललं तरी निभावतं. पण मोठ्या साखळीतल्या कॅफेत जायचं की कोपऱ्यावरच्या एकट्यादुकट्या कॅफेत, यावर ज्याची ठाम भूमिका नाही त्याला कोणी दारात उभं करत नाही. तेव्हा आज तुमची आवड तयार करून टाकू. घाबरू नका, कॉफी प्यावी लागणार नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

आधी बाजू निवडायची. चव मागाहून येते, आणि नाही आली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. नवशिक्यानं एकट्या कॅफेची बाजू घ्यावी, कारण तिच्यात सोवळेपण आयतं मिळतं. साखळीवाल्याला आपली बाजू मांडावी लागते, कारणं द्यावी लागतात. तुम्ही फक्त ‘अच्छा, तिथं जातोस होय तू?’ एवढंच म्हणायचं. यातला ‘होय’ थोडा लांबवायचा. पुढचं काम समोरच्याचा न्यूनगंड करतो.

जवळ दोन-तीन आकडे असू द्या. सर्वांत उपयोगी आकडा ऑस्ट्रेलियाचा. स्टारबक्स या अमेरिकी साखळीनं २००८ साली तिथली ८४ पैकी ६१ दुकानं बंद करायचं जाहीर केलं. हे सांगताना आवाज असा ठेवा की ती तुम्हीच जाऊन बंद केलीत. मग इतिहासात शिरा. कॉफीघर ही मुळात बंडखोरांची जागा, हे पटवायला इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला कामाला लावा. डिसेंबर १६७५ मध्ये त्यानं कॉफीघरं बंद करण्याचा जाहीरनामा काढला. तिथं बसून लोक सरकारची निंदानालस्ती करतात, असं त्याचं म्हणणं. त्यावर एवढी ओरड झाली, की जानेवारी १६७६ मध्ये, अंमल सुरू व्हायच्या आतच, महाराजांना तो मागे घ्यावा लागला. एवढं सांगून झालं की क्षणभर थांबावं आणि अर्थपूर्ण नजरेनं कॅफेभर पाहावं. खरं तर पाहू नये. सगळे कानात बोंडं घालून लॅपटॉपवर एक्सेल भरत बसलेले असतात.

त्याच काळातल्या एडवर्ड लॉइडची गोष्ट मात्र तोंडातून काढू नका. त्याच्या लंडनमधल्या कॉफीघरात जहाजवाले आणि व्यापारी बसायचे, आणि त्या बसण्यातून विम्याचा अख्खा बाजार उभा राहिला. एकट्या, प्रामाणिक, कोपऱ्यावरच्या कॉफीघरातून भांडवलशाही उगवली, हे आपल्या बाजूचं नाही.

आता आत जायची तयारी. परवा मी एका अशा कॅफेत गेलो होतो. काउंटरमागच्या पोरानं तराजूवर कॉफीचे दाणे तोलले, दोन जास्त झाले म्हणून चिमटीनं काढले, बाकीचे दळले, कागदी फिल्टर आधी गरम पाण्यानं धुऊन घेतला आणि बगळ्याच्या मानेसारख्या नळीच्या किटलीतून पाण्याची बारीक धार सोडली. जेमतेम भिजेल एवढंच पाणी. मग तो थांबला. अर्धा मिनिट आम्ही दोघं त्या ओल्या भुकटीकडे बघत उभे होतो. ती फुगत होती, बुडबुडे येत होते. ‘ब्लूम होतंय,’ तो हळू आवाजात म्हणाला. बाळ झोपलंय म्हटल्यासारखा. मीही आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘साखर मिळेल?’

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, ‘सर, ही इथिओपियाची आहे.’

म्हणजे साखर घातली तर इथिओपियाला काय वाटेल! मी ती तशीच प्यालो. इथून पुढचं नीट वाचा, कारण ही परीक्षा तुम्हालाही द्यावी लागणार आहे. कॉफीत कोणत्या चवी लागतील ते पाटीवर लिहिलेलं असतं: चमेली, जर्दाळू, लिंबाची साल. पहिला घोट घ्या, डोळे मिटा. आंबट लागेल. आंबट म्हणायचं नाही, ‘ब्राइट आहे’ म्हणायचं. कडू लागली तर ‘बॉडी आहे’. काहीच लागलं नाही तर ‘क्लीन’. गार झाली असेल तर ‘आता खरी उघडतेय’. आणि कप खाली ठेवताना ‘जर्दाळू जरा उशिरा येतो, नाही?’ असं पुटपुटा. बरिस्टाचे, म्हणजे कॉफी करणाऱ्या त्या पोराचे, डोळे पाणावतात. जर्दाळू कधीच येत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही, पण हे तुमच्या दोघांत राहतं.

बैठकीबद्दल तक्रार करायची नाही. स्टूल डुगडुगणारं, उंच आणि बिनपाठीचं असणार, टेबल म्हणजे जुन्या दाराची फळी असणार आणि कोयंड्याची खाच नेमकी तुमच्या कोपराखाली येणार. त्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात. उघड्या विटा, तारा दिसणारे पिवळे दिवे, खडूनं लिहिलेला फळा, कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड. हा कॅफे जगात दुसरा नाही, असं छातीठोक सांगा. दुसऱ्या शहरात गेल्यावर असाच दुसरा दिसेल. तिथंही हेच वाक्य, त्याच छातीनं. एकमेकांना कधी न भेटलेल्या हजारो माणसांनी आपापल्या वेगळेपणासाठी एकच दिवा निवडला, हा योगायोग मानायचा.

हे सगळं झेपणार नसेल तर साखळीच्या बाजूला या. इथं सोवळं नाही, पण भाबडेपणाचा एक फार सोयीचा अंगरखा मिळतो. ‘मी बाबा साधा माणूस, मला नुसती कॉफी लागते.’ हे वाक्य म्हणून तुम्ही काउंटरवर जाता आणि ओट मिल्क, दीड पंप सिरप, फेस कमी, जास्त गरम अशी सात कलमी मागणी नोंदवता. शिवाय इथली भाषाही आधी पाठ करावी लागते. स्टारबक्समध्ये ‘टॉल’ म्हणजे उंच, आणि फळ्यावरच्या कपांत बहुधा तोच सर्वांत बुटका. त्याहून लहान ‘शॉर्ट’ असतो, पण तो घरातल्या नावडत्या काकासारखा फळ्यावर सहसा दिसत नाही. ‘व्हेंटी’ म्हणजे इटालियनमध्ये वीस, कारण त्यात वीस औंस मावतात. थंड घेतलंत तर तोच वीस चोवीस औंसांचा होतो. अशा वेळी ‘मीडियम’ म्हणणारा माणूस मागच्या रांगेला खेडवळ वाटतो. तुम्ही तेच म्हणा आणि त्याला तत्त्वाचा प्रश्न करा.

कपावर तुमचं नाव चुकीचं लिहितील. राग धरू नका, फोटो काढा. जगात एवढी माणसं असताना आपल्यावर अन्याय करायला कोणीतरी पेन उचललं, याचं सुख निराळंच.

साखळीचं खरं कारण मात्र चारचौघांत बोलू नये. ते म्हणजे स्वच्छतागृह. त्याच्या पाठोपाठ प्लग पॉइंट, आणि कॉफीचा नंबर बराच खाली. परक्या शहरात, पाऊस पडत असताना, मोबाइलवर चार टक्के उरले असताना लांबून तो ओळखीचा फलक दिसला की भल्याभल्या तत्त्वनिष्ठांचे पाय आपोआप वळतात. आत सगळं तसंच: तोच वास, तीच खुर्ची, तीच बेताची कॉफी. बेताची म्हणजे वाईट नव्हे. ती निराश करत नाही, कारण तिच्याकडून कोणी कसली आशाच धरत नाही. आणि सर्वांत मोठं सुख म्हणजे तिथं तुम्हाला कोणी ओळखत नाही.

हे सुख ज्यांना हसण्यासारखं वाटतं, त्यांनी एकट्या कॅफेच्या मालकाशी ओळख करून बघावी. पहिले चार दिवस आपण हरखतो. तो नावानं हाक मारतो, ‘नेहमीचं ना?’ म्हणतो. मग एकदा तीन आठवडे जाणं होत नाही. चौथ्या आठवड्यात दार ढकललं की काउंटरवरून आवाज येतो, ‘बरेच दिवसांनी?’ आणि आपण तापाचं, ऑफिसच्या दौऱ्याचं, पाहुण्यांचं असं सगळं सांगू लागतो. सासुरवाडीला उशिरा पोचल्यावर द्यावा लागतो तसा खुलासा. मी तर एकदा साखळीतल्या कॅफेचा कप हातात घेऊन चाललो होतो आणि समोरून आमचे मालक आले. कप फायलीमागे धरला, रस्ता ओलांडला आणि एका बंद शटरवरची पाटी अतिशय मन लावून वाचली. बाही कोपरापर्यंत भिजली. बायकोच्या नजरेला नजर देताना माझी एवढी तारांबळ कधी उडालेली नाही.

दोन्ही बाजूंच्या लोकांना एक सूचना देतो: मालकी तपासू नका. या छंदानं अनेक चांगली माणसं वाया गेली आहेत. तुम्ही ज्या कॅफेत बसून साखळ्यांच्या नावानं बोटं मोडता, तो कोणाचा आहे हे कळून घेण्यात काही शहाणपण नाही. छोट्या, वेड्या, बिया स्वतः भाजणाऱ्या कंपन्यांचा आदर्श म्हणून ब्लू बॉटलचं नाव घ्यायचे. २०१७ मध्ये तिचा मोठा हिस्सा नेस्लेनं घेतला. स्टम्पटाउन आणि इंटेलिजन्शिया ही त्याच पंथाची दोन नावं २०१५ मध्ये पीट्स या कॉफी कंपनीकडे गेली. उलट दिशेचा प्रवास त्याहून गमतीचा. २००९ साली स्टारबक्सनं सिअ‍ॅटलमधल्या आपल्याच एका दुकानावरचं स्वतःचं नाव उतरवलं, त्याला ‘फिफ्टीन्थ अ‍ॅव्हेन्यू कॉफी अँड टी’ म्हणून रस्त्याचं नाव दिलं आणि एकटं, घरगुती दिसेल असं सजवलं. दीड-दोन वर्षांनी मुखवटा काढून ठेवला. मधल्या काळात तिथं कोणाकोणाला जर्दाळू लागला असेल, कोण जाणे.

आणि ज्याच्या नावानं खडे फोडायचे, तो स्टारबक्स १९७१ साली सिअ‍ॅटलमध्ये एकटंच दुकान होता. कपात कॉफी मिळतही नसे, फक्त भाजलेल्या बिया. त्याही सुरुवातीला आल्फ्रेड पीटकडून आणलेल्या. तोच पीट, ज्याच्या नावाची कंपनी पुढे वरच्या दोघांना घेऊन बसली. म्हणजे त्या वर्षी त्या रस्त्यावर तुम्ही असता, तर फळीच्या टेबलावर हात ठेवून ‘हे खरं दुकान’ असं तुम्हीच म्हणाला असता. या विचारानं झोप उडत असेल तर उपाय सोपा आहे. दुकान एकच असेपर्यंत प्रेम करायचं, दुसरी शाखा निघाली की ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ म्हणायचं, आणि तिसरी निघाली की आपण पहिल्या दिवसापासून विरोधात होतो. मालकानं पोरांच्या फीसाठी दुसरी शाखा काढली असेल. तो त्याचा प्रश्न.

शेवटचा टप्पा जरा हळवा आहे. तुमचा आवडता एकटा कॅफे कधीतरी बंद पडेल. भाडं वाढतं, यंत्र दुरुस्तीला येतं, आणि एका कपावर तीन तास बसणारी, पाणी दोनदा मागणारी तुमच्यासारखी रसिक मंडळी रोज भेटतात. दारावर कागद चिकटवलेला असेल: ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार.’ माझ्या पाकिटात अशाच एका कॅफेचं कार्ड आहे. दहा गोल, त्यांतल्या नवांवर जांभळा शिक्का, दहावा फुकट. पहिले सहा शिक्के एका महिन्यात पडले, उरलेले तीन दीड वर्षात. परवा पाकीट झाडताना दिसलं म्हणून उत्साहानं गेलो, तर आत रंगारी भिंतीवरच्या उघड्या विटांना चुना लावत होते.

अशा वेळी काय करावं ते सांगतो. सगळ्यांत आधी, बंद व्हायच्या आत जायचं नाही, गर्दी होते. कागद लागल्यावर जा, दाराचा फोटो थोडा तिरका काढा, काचेत तुमचं अस्पष्ट प्रतिबिंब आलं तर उत्तम. मग लिहायला घ्या. ‘हे फक्त दुकान नव्हतं’ इथून सुरुवात. बरिस्टाचं नाव आठवत नसेल तर ‘तो हसरा मुलगा’ लिहा. शहराच्या आत्म्यावर एक परिच्छेद, साखळ्यांवर दोन. शिक्क्यांचं कार्ड शेवटी ठेवा, पण तारखा दिसणार नाहीत अशा बेतानं.

हे सगळं मोबाइलवर टाइप करत बसू नका, बोटं दुखतात. लॅपटॉप घेऊन समोरच्या मोठ्या कॅफेत या. खिडकीजवळच्या टेबलाला प्लग पॉइंट आहे, वायफायही बरं चालतं. मी तिथंच बसलोय, माझी पोस्ट अर्धी झाली आहे. तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवतो.