लाँग क्रेंडनच्या कचेरीत फाशी दिली जात नव्हती

इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यातल्या लाँग क्रेंडन या गावात जहागिरीच्या न्यायसभेची जुनी इमारत आहे. तिच्या छायाचित्राखाली एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ही इमारत पाचव्या हेन्री राजाने न्यायालय म्हणून बांधली, वरच्या दालनात जहागीरदार कुळांचे काहीही ऐकून न घेता त्यांना तुळईला फाशी देई, आणि १९०० साली सरकारने हे न्यायालय बंद केले, असे त्यात म्हटले आहे. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवल्यामुळे आता गप्प बसणे मला शक्य नाही.

फाशीची गोष्ट सर्वांत आधी, कारण तीच सर्वांत खोटी आहे आणि लोकांना तीच लक्षात राहते. बाराव्या-तेराव्या शतकांत काही जहागीरदारांना मुद्देमालासह पकडलेल्या चोराला फासावर देण्याचा अधिकार होता, एवढे मान्य करावे लागेल. पण ही इमारत पंधराव्या शतकातली आहे, आणि तोपर्यंत खून, दरोडा यांसारखे गुन्हे राजाच्या न्यायाधीशांकडे गेलेले होते. गावच्या सभेपुढे येत ते शेतात शिरलेल्या गुरांचे, न उपसलेल्या चरांचे, पावाच्या व बिअरच्या मापांतल्या लबाडीचे तंटे, आणि शिक्षा असे ती दंडाची. सभेत जहागीरदार स्वतः क्वचितच बसे. काम त्याचा कारभारी चालवी, आणि तक्रारी मांडणारे व निर्णय सांगणारे शपथ घेतलेले पंच हे गावातलेच रहिवासी असत. सभेचे मोठे काम तर जमिनीचे होते: कूळ वारले की वारसाची नोंद सभेच्या दप्तरात होई आणि त्या नोंदीची नक्कल हाच वारसाचा हक्काचा पुरावा ठरे. ज्या दालनात कुळांचे वारसाहक्क लिहून ठेवले जात, त्याला वधस्तंभाची जागा म्हणणे हा त्या कुळांवरही अन्याय आहे.

आपल्याकडची गोतसभा, म्हणजे गावचे तंटे सोडवणारी जुनी सभा, किती न्यायी होती, हे दाखवण्यासाठी या मजकुराने लाँग क्रेंडनशी तिची तुलना केली आहे. गोतसभेचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, आजही वाचता येतात. तिची थोरवी सांगायला दुसऱ्याच्या गावाविषयी खोटे सांगण्याची काहीही गरज नाही.

पाचव्या हेन्रीचा उल्लेख मात्र अगदीच हवेतला नाही. इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्या नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय, बिगरसरकारी संस्थेच्याच माहितीनुसार येथे त्याच्या कारकिर्दीपासून व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंत न्यायसभा भरत. पण त्याच माहितीत, ही वास्तू आधी बहुधा लोकरीचे कोठार होती, असेही म्हटले आहे. राजाने ती न्यायालय म्हणून उभारल्याचे त्यात कोठेही नाही.

१९०० सालचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. त्या वर्षी काहीही बंद झाले नाही. १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने त्या वर्षी ही इमारत विकत घेतली. तिने जतनासाठी घेतलेल्या पहिल्या इमारतींपैकी ही एक. आणि ज्या जमीननोंदींसाठी अशा सभा मुख्यतः भरत, ती पद्धत इंग्लंडभर १९२२ च्या कायद्याने, १ जानेवारी १९२६ पासून संपुष्टात आली.