उद्यानांच्या प्रवेशद्वारावर गोचिडींविषयी फलक हवा

शहरातील उद्यान म्हणजे कापलेली हिरवळ आणि आखलेल्या पायवाटा. तिथे रानातला धोका कसा असेल, असे बहुतेकांना वाटते. परंतु न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील उद्यानांत आणि लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये गोळा केलेल्या गोचिडींत, त्यांच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या लाइम आजाराचे बोरेलिया जिवाणू आढळलेले आहेत. अशा प्रत्येक उद्यानाच्या प्रवेशद्वारावर तसा स्पष्ट फलक असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

फलकामुळे लोक उद्यानात यायचे थांबतील, ही हरकत मला पटत नाही, कारण या आजारापासून बचाव बराचसा आपल्याच हाती आहे. जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतात. ती रक्त पिऊ लागल्यावर ते हळूहळू तिच्या लाळेपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील काळ्या पायांच्या गोचिडीला संसर्ग पोहोचवायला बहुधा २४ तासांहून अधिक काळ लागतो, म्हणून घरी परतल्यावर त्याच दिवशी अंग तपासून ती काढली, तर आजार बहुतेक वेळा टळतो. मात्र अर्धवट वाढलेली गोचीड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिचा चावा दुखत नाही. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे मुद्दाम पाहावे लागते, मुलांच्या बाबतीत तर केसांतसुद्धा. आणि हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

गोचिडी कमी करण्यासाठी उद्यानांतली हरणे हटवा, ही मागणीही अपुरी आहे. अंड्यातून निघालेल्या गोचिडीत हे जिवाणू नसतात. ते तिला बहुधा उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या रक्तातून मिळतात. हरणांवर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात, पण हरणांकडून त्यांना हा संसर्ग होत नाही.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम गावी १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजत असल्याचे मातांनी लावून धरले, म्हणून तपास सुरू झाला. शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या आजाराच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. सामान्य माणसाच्या निरीक्षणाला एवढे मोल असताना त्याच्यापासून माहिती का राखून ठेवावी?

फलकावर हेही लिहावे, की चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत आजार असूनही रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते आणि प्रतिजैविके तेव्हाच सर्वाधिक गुणकारी ठरतात. गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिला तेल किंवा जळती काडी लावू नये. ती काढल्याची तारीख लिहून ठेवावी, डॉक्टर ती विचारतात.