दीडशे रुपये किलो पीठ बघून हसू नका

जानेवारी 2023 मधला तो पाकिस्तानातल्या पिठाच्या रांगेचा व्हिडिओ परत फिरतोय. काल आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, खाली हसण्याचे इमोजी आणि "तिकडं 150 रुपये किलो, आपल्याकडं 37". खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. त्याच महिन्यात सिंधमधल्या मीरपूरखासला स्वस्त पिठाच्या गाडीपाशी चेंगरून एक मजूर मेला होता, लेकराबाळांचा बाप.

आणि ते 150 त्यांचे रुपये आहेत हो. तेव्हा आपला एक रुपया म्हणजे त्यांचे पावणेतीन, म्हणजे आपले साधारण 55 झाले. महाग आहेच, पण चौपट नाही. खरा हिशोब तिथल्या पगाराशी लावा, तेव्हा तिथला किमान पगार महिन्याला 25,000, खाणारी सात माणसं धरली आणि दिवसाला तीन किलो पीठ लागलं तर 13,500 नुसत्या पिठात गेले, मग भाजी, तेल, औषधं कशातून आणायची?

2022 च्या पुरात सिंध बुडालं, साठवलेला गहू भिजला, बाहेरून आणायचा तर तिजोरीत डॉलर नाहीत आणि युक्रेनच्या लढाईनं जगभर गहू चढलेला. त्यात तिथला पंजाब प्रांत स्वतःचा गहू बाहेर जाऊ देईना, म्हणून एकाच देशात लाहोरला एक भाव आणि कराचीला दुसराच.

आपल्याकडं स्वस्त राहिलं ते पण आपोआप नाही. एफसीआय, म्हणजे सरकारचं अन्न महामंडळ, हमीभावानं गहू घेऊन ठेवते, त्यातून रेशन चालतं. शिवाय 13 मे 2022 ला सरकारनं निर्यातच बंद केली. त्या सीझनला हमीभाव 2015 रुपये क्विंटल होता, व्यापारी त्याच्या वर देत होते, बंदी आली आणि मंडीत भाव उतरले. म्हणजे आपल्या चपातीतला काही खर्च त्या शेतकऱ्यानं सोसलाय, हे नाशिकच्या कांदावाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. आणि तिकडं बांगलादेश अडकला, त्यांच्याकडं गहू फार पिकत नाही, आदल्या वर्षी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच होतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते आपल्या पंजाबातल्या अटारी सीमेचं. फेब्रुवारी 2022 मध्ये आपला मदतीचा गहू तिथूनच अफगाणिस्तानला निघाला, अफगाणी ट्रक भरून पाकिस्तानच्याच रस्त्यानं गेले. लाहोर तिथून तासाभराच्या आत. पण ऑगस्ट 2019 पासून दोन्ही देशांचा व्यापार बंद, त्यामुळं तिथल्या गिरणीवाल्याला तोच गहू पैसे मोजूनही घेता येत नव्हता, त्यांच्यासाठी गहू आला तो रशियातून, बोटीनं, कराचीला.