साथ फ्लूची, प्रश्न रजेचा

पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढले की महाराष्ट्रात दोन प्रश्न हटकून चर्चेला येतात. शाळा बंद ठेवायच्या का? आणि सगळ्यांची तपासणी का करत नाहीत? इंग्लंडमध्ये बसून ही चर्चा वाचताना सारखं वाटतं, की सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मागेच राहतो. ताप आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी घरी थांबणं परवडतं का?

या विषाणूचं वेळापत्रक बघा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, बहुतेकांना दोन. लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना आजार देऊ लागतो आणि आजारपणाचे पहिले तीन-चार दिवस त्याचा जोर सर्वाधिक असतो. मोठ्या माणसांत पाच ते सात दिवसांत हे बहुतांशी थांबतं. लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण जास्त दिवस विषाणू सोडत राहतात. म्हणजे ‘जरा कणकण आहे, गोळी घेऊन जातो’ म्हणत निघालेला माणूस नेमक्या चुकीच्या दिवशी लोकलच्या डब्यात शिरतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. औषध न घेता २४ तास ताप आला नाही, की मगच बाहेर पडावं.

इंग्लंडमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कर्मचारी स्वतःच लिहून देतो. आपल्याकडे कित्येक ठिकाणी दोन दिवसांच्या तापालाही सर्टिफिकेट मागतात. ते आणायला तापाने फणफणलेला माणूस दवाखान्यात तासभर बसतो, आणि शेजारी कोण? गरोदर बाई, दम्याचा रुग्ण, मधुमेह असलेले आजोबा. ज्यांना फ्लूपासून सर्वांत जास्त धोका, त्यांच्याच मांडीला मांडी लावून आपण त्याला बसवतो. इंग्लंडमधलं सगळंच गोजिरं आहे असं मुळीच नाही. कायद्याने मिळणारा आजारपणाचा पगार इथे वर्षानुवर्षे चौथ्या दिवसापासून सुरू होत असे. त्यामुळे हातावर पोट असलेली माणसं पहिले तीन दिवस आजार अंगावर काढत. संसर्ग सर्वांत जास्त पसरतो तो याच दिवसांत. शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देण्याची खोड तर दोन्हीकडे आहे. ती दोन्हीकडून जायला हवी.

शाळा बंद करण्याचा मार्ग आपण वापरून पाहिला आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि शाळा, चित्रपटगृहं काही दिवस बंद राहिली. त्याच वेळी तपासणीसाठी रुग्णालयांबाहेर लांब रांगा लागल्या. भीती समजण्यासारखी होती. पण त्या रांगेत साधी सर्दी झालेला आणि खरोखर फ्लू झालेला असे दोघं तासन्‌तास शेजारी उभे होते. केंद्र सरकारची ए, बी, सी ही वर्गवारी म्हणूनच शहाणपणाची आहे. सौम्य ताप-खोकला असलेल्या ‘ए’ गटाला तपासणीही नको आणि ऑसेल्टामिव्हीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषधही नको, फक्त घरी विश्रांती. ‘बी’मध्ये जास्त ताप आणि घसा खूप दुखणारे, शिवाय गरोदर स्त्रिया, लहान मुलं, ज्येष्ठ आणि जुने आजार असलेले, यांना डॉक्टर गरजेनुसार औषध सुरू करतात, तेही तपासणीविनाच. धाप लागणं, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, गुंगी, नखं निळी पडणं हा ‘सी’ गट: तपासणी त्यांची आणि भरतीही त्यांचीच. मोठ्यांना ऑसेल्टामिव्हीर सहसा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर उपयोग सर्वांत जास्त, त्यामुळे ‘बी’ गटातल्यांनी अहवालाची वाट बघत बसू नये. अँटिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने मार्च २०२३ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं, तरी अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी आपल्याकडे आजही सहज मिळते. इंग्लंडमध्ये चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही, आणि हा कडकपणा मला योग्य वाटतो.

हवेबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना २०२१ पासून कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रं दिली गेली. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास असतं, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. वर्गातला आकडा ८०० झाला, की आपण आत घेतो त्या हवेतला साधारण शंभरावा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. १५०० ला तो पावणेतीन टक्क्यांवर जातो. आपल्या शिकवणीवर्गांत आणि ऑफिसांत खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावतात. तो आतलीच हवा गार करून फिरवत राहतो, बाहेरची आत आणत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. विजेचं बिल थोडं वाढेल, ते वाढू द्यावं.

लशीच्या बाबतीत इंग्लंडची नक्कल करू नये. इथे साथ हिवाळ्यात येते, म्हणून बहुतेक मोठ्यांना लस ऑक्टोबरपासून देतात; मुलं सर्वांत जास्त पसरवतात म्हणून शाळेतच नाकात फवारायची लस असते. महाराष्ट्रात मोठी लाट जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक. लशीचं संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते ओसरू लागतं. ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या पावसाळ्यापर्यंत बरीच क्षीण झालेली असते. जागतिक आरोग्य संघटना लशीतले विषाणू वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपल्या पावसाळ्यापूर्वी हाताशी असलेलं सर्वांत ताजं मिश्रण म्हणूनच सहसा दक्षिण गोलार्धाचं असतं. तेव्हा परदेशातल्या मुलांनी ‘आमच्याकडे लस सुरू झाली, तुम्हीही घ्या’ असा फोन आई-बाबांना ऑक्टोबरात करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये करावा, आणि खोक्यावर कोणत्या गोलार्धाचं आणि कोणत्या वर्षाचं मिश्रण छापलंय ते त्यांना वाचून दाखवायला सांगावं.