म्हणे जळतं ते फक्त पाणी!

मामांनी तोच मेसेज चौथ्यांदा पाठवला आणि या वेळी खाली लिहिलं, "वाच आणि शहाणा हो. सोमवारी काड पेटवतोय." म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: काड (पीक कापल्यावर वावरात उरलेली ताटं, पेंढा) पेटवलं की जळतं ते फक्त पाणी, खत सगळं राखेत उरतं. आगीने कीड मरते. काड गाडलं तर पीक पिवळं पडतं. आणि कुजायला तीन वर्षं लागतात.

पहिल्या वाक्यालाच कपाळावर हात मारला. जळतं ते पाणी असतं तर विहिरीलाही काडी लावता आली असती. अहो, वाळल्या काडाच्या वजनात साधारण 40 टक्के कर्ब, म्हणजे कार्बन असतो. जमीन ज्याला भुकेली आहे तोच हा, आणि नेमका तोच धूर होऊन जातो. एक टन भाताच्या पेंढ्यात 5-6 किलो नत्र (नायट्रोजन) असतं, 2 किलोच्या आसपास स्फुरद (फॉस्फरस) आणि 20-25 किलो पालाश (पोटॅश). पेटवल्यावर नत्र जवळपास सगळं हवेत, स्फुरद सुमारे पाव भाग, गंधकाचाही बराच वाटा. पालाश मात्र बराचसा राखेत उरतो, हे मान्य. मेसेजवाल्याने तेवढ्यावरच इमला चढवलाय. तीही राख जागेवर राहील तर ना! वारा सुटला की शेजाऱ्याच्या वावरात, पाऊस आला की ओढ्यात. आणि उडून गेलेलं नत्र आपण पुन्हा पोत्यातून विकत आणायचं.

कीड मरते का? वरच्या बोटभर थरातली काही मरते. तिच्यासोबत तिला खाणारे मित्रकीटकही मरतात. खोलवरचे कोष मजेत असतात. रोगट झाडं वेगळी काढून नष्ट करावीत, त्यासाठी अख्खं वावर पेटवायची गरज नाही.

पीक पिवळं पडतं, यात मात्र अर्धं तथ्य आहे. गव्हाच्या काडात एक भाग नत्राला 80 च्या आसपास भाग कर्ब असतो. त्यातलं नत्र पुरत नाही, म्हणून ते कुजवणारे जिवाणू आपल्या वाट्याचं नत्र मातीतूनच उचलतात आणि पीक उपाशी राहतं. पण ही उधारी काही आठवड्यांची. काड बारीक करा, पेरणीच्या बरंच आधी ओल असताना मिसळा, वर थोडं शेणखत किंवा युरिया द्या. हा उपाय मेसेजमध्ये नाही, कारण मग पेटवायचं कशाला?

तीन वर्षांचं तर सोडाच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला शेतातला कचरा आणि शेण यांचे थर लावून, ढीग वेळोवेळी उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत करून दाखवलं होतं.

"काड कुजवून जमीन सुधारते याला पुरावा काय?" हा मामांचा स्वतःचा प्रश्न. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत, दुसऱ्याला काहीच नाही. शेणखताच्या पट्ट्यात आज सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त आहे. आणि शेणखत म्हणजे तरी काय? गुरांच्या पोटातून नि पायाखालून फिरून आलेलं काडच की. हां, हे एका हंगामात झालेलं नाही. गाडलेल्या काडातला बहुतेक कर्बही शेवटी हवेतच जातो, मागे थोडाच राहतो. पण त्याआधी तो मातीतल्या जिवांच्या पोटात जातो आणि त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात.

हे घरीही बघता येतं. दोन वाळली ढेकळं आणली, एक बांधावरच्या गवताखालचं, एक दरवर्षी पेटवल्या जाणाऱ्या वावरातलं. दोन ग्लास पाण्यात अलगद सोडली. बांधावरच्यातून बुडबुडे आले, पण ते तसंच बसून राहिलं. दुसरं बघता बघता विरघळलं आणि ग्लासात नुसता गढूळ चहा.

फोटो मामांना पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "ते फुटलेलं ढेकूळ कुणाच्या वावरातलं?"

तुमच्याच, मामा. विहिरीशेजारच्या तुकड्यातलं.