संतांचे फोटो भिंतीवर आहेत, पण त्यांनी लिहिलेलं कोण वाचणार?

आपण ख्रिस्ती लोक संतांचे सण जोरात करतो. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना), मिरवणूक, बँड, जेवण, सगळं अगदी मनापासून. पण यातले कितीतरी संत लेखक होते, त्यांनी लिहिलेलं 1600-1800 वर्षांनंतरही वाचायला मिळतंय, आणि ते मात्र आपण उघडूनही बघत नाही, ते सेमिनरीतलं, म्हणजे फादर तयार होतात तिथलं काम, फादर लोक बघतील असं धरून चालतो. मला हे अजिबात पटत नाही.

मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, जुन्या रोमन प्रार्थनेत संत पेर्पेतुआचं नाव येतं आणि कानावरून निघून जातं. कार्थेजची, म्हणजे आजच्या ट्युनिशियातली ही 22 वर्षांची पोरगी, अंगावर पिणारं बाळ, आणि इ.स. 203 मध्ये श्रद्धेपायी तुरुंगात. तिथलं सगळं तिने स्वतः लिहून ठेवलंय. काळोख, गर्दीतला उकाडा, शिपायांची दमदाटी, बाळाची काळजी. बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा लिहिते की तुरुंगच मला राजवाडा वाटायला लागला. म्हातारा बाप येतो, माझ्या पिकल्या केसांकडे तरी बघ म्हणतो, तिच्या पाया पडतो. बापासाठी तिचा जीव तुटतो, तेही लिहिलंय, पण ती हटत नाही.

आणि बेसिल! याचा सण 2 जानेवारीला, नवीन वर्षाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही येत नाही. चौथ्या शतकातला कैसरियाचा हा धर्मगुरू, कैसरिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताचा येशूचा जो दाखला आहे, त्यावर त्याचं प्रवचन आहे. त्यात एक बाप आहे, घरात दाणा नाही, एक पोर विकलं तर बाकीची जगतील. कुठलं विकू? थोरलं? पण ते पहिलं लेकरू. धाकटं? त्याला तर अजून काही कळतही नाही. आणि समोर धान्य घेऊन बसलेला माणूस भाव वाढवत राहतो. मग बेसिल सरळ सांगतो, तू दाबून ठेवलेली भाकरी उपाशी माणसाची आहे, पेटीतला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, तुझ्याकडे कुजत पडलेल्या चपला अनवाणी माणसाच्या आहेत. हे वाचून मी कपाट उघडून बघितलं, आणि बराच वेळ बघत बसले.

दिदाखे, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसाठीचं नियमांचं छोटं पुस्तक, तर त्याहून जुनं, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटचं. त्यात फिरत्या प्रचारकांसाठी नियम आहे की एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा संदेष्टा, आणि निघताना पैसे मागितले तरी खोटाच. आज चमत्काराच्या नावावर अकाउंट नंबर दाखवणाऱ्यांना ही फूटपट्टी लावून बघा.

सगळंच डोळे मिटून मान्य करा असं मी म्हणत नाही. चौथ्या शतकातलाच प्रवचनकार संत योहान ख्रिसोस्तोम, त्याची यहुद्यांविरुद्धची प्रवचनं वाचून शरम वाटते, त्यांचे परिणाम फार वाईट झाले. पण गरिबाला थंडीत उघडं ठेवून वेदीवर रेशीम कशाला, असं विचारणाराही तोच आहे. दोन्ही वाचायला हवं.

इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट आहेत. दिदाखे एका बैठकीत होतं, तिथून सुरुवात करा. येत्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, आपल्या बायबल ग्रुपमध्ये बेसिलचं ते प्रवचन वाचायचं का? कुणी मराठीत करायला तयार असेल तर मी सोबत बसायला तयार आहे, इनबॉक्समध्ये सांगा.