गोष्टीनंतर लगेच तात्पर्य विचारू नका

शाळांमध्ये जाऊन लोककथा सांगणं हा माझा व्यवसाय. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालकांना बरेच दिवस काही सांगायचं होतं, ते आज सविस्तर लिहितेय.

गोष्ट संपते. मुलं अजून त्या जंगलातून पुरती बाहेर आलेली नसतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, "हं, मुलांनो, या गोष्टीतून आपण काय शिकलो?" लगेच हात वर होतात. खोटं बोलू नये. लोभ करू नये. मोठ्यांचं ऐकावं. ही सगळी उत्तरं गोष्ट न ऐकताही देता आली असती! मुलांना शिक्षकांना काय हवंय ते बरोबर कळतं आणि ती ते देऊन मोकळी होतात. त्या क्षणी गोष्ट त्यांच्या हातून सुटते.

एकाच गोष्टीतून तीस मुलं तीस गोष्टी घेऊन जातात. कुणाला धाकटा भाऊ जिंकला एवढंच पुरतं, कारण घरी त्याला कुणी विचारत नाही. कुणी राक्षसासाठी हळहळतं. एखादी मुलगी राजकन्येऐवजी बोलणाऱ्या घोड्याचाच विचार करत बसते. यातलं चूक काहीच नाही. पण तात्पर्य एकच असतं, आणि ते फळ्यावर लिहिलं की बाकीचं सगळं पुसलं जातं.

मग गोष्टीनंतर करायचं काय? मुलांना ती सांगू द्या. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाने दुसऱ्याला तीच गोष्ट सांगायची, मग उलट. वही नको, गुण नकोत. वर्ग गोंगाटाने भरून जातो, भरू द्या. मुलं मधलं काही गाळतात, मनाचं काही घालतात, राक्षसाला आणखी दोन डोकी लावतात. काही शिक्षकांना वाटतं, मुलांना गोष्ट नीट आठवली नाही. माझ्या मते मुलं तेव्हाच खरी कथनकला शिकत असतात. 1930च्या दशकात मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अभ्यासकांनी युगोस्लाव्हियातल्या वीरगीतं गाणाऱ्या गायकांचा अभ्यास केला. हजारो ओळींची काव्यं गाणारे ते गायक शब्द न् शब्द पाठ करून गात नव्हते. कथेचा सांगाडा आणि ठरावीक बोल पक्के, बाकीची बांधणी दर वेळी नव्याने. मीही गोष्ट पाठ करत नाही. घटनांचा क्रम, पुन्हा पुन्हा येणारी ओळ आणि शेवटचं वाक्य एवढंच पक्कं असतं. उरलेलं समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांवर ठरतं.

लिहिताना अडखळणारी मुलं या तासाला भडाभडा बोलतात, हे मी वर्गावर्गांत पाहिलंय. त्यांचे शिक्षक चकित होतात. ज्या मुलांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, त्यांच्याबाबतीत तर हे फारच जाणवतं. "अशीच गोष्ट आमची आजी सांगते, पण तिच्यात मासा असतो," असं कुणीतरी म्हणतं आणि तास खऱ्या अर्थाने सुरू होतो. सिंड्रेलाची गोष्टच घ्या. चीनमध्ये नवव्या शतकात तुआन छंग-श्रने लिहून ठेवलेल्या कथेत येह श्येन नावाची मुलगी आहे, तिला मदत करणारा मासा आहे, हरवलेला जोडाही आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोची काचेची चप्पल 1697ची, म्हणजे कितीतरी नंतरची. आजीची गोष्ट ऐकून आलेल्या मुलाला हे कळलं की तो ताठ बसतो. आपल्या घरातलं काहीतरी एवढं जुनं, एवढं दूरवर पोचलेलं आहे!

शाळांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे. आयर्लंडमध्ये 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांमधल्या मुलांना घरच्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, समजुती, स्थानिक आठवणी विचारून लिहून आणायला सांगितलं होतं. त्यातून सुमारे 7,40,000 पानांचा संग्रह उभा राहिला. शाळकरी मुलांनी देशाची मौखिक परंपरा वाचवली, असं मी म्हणेन. गुजरातमधल्या भावनगरच्या बालमंदिरात शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनीही गोष्टीला शिक्षणाच्या मध्यभागी बसवलं होतं.

आता काही विनंत्या. सभागृहात अख्खी शाळा बसवून हातात माईक देऊ नका. मागच्या रांगेतल्या मुलाचे डोळे मला दिसले नाहीत, तर ती गोष्ट नुसतं भाषण होते. कॅरिबियन बेटांवर गोष्ट सुरू करण्याआधी सांगणारा विचारतो, "क्रिक?" आणि ऐकणारे ओरडतात, "क्रॅक!" ही परवानगी दोन्ही बाजूंनी लागते. एका वेळी एक वर्ग पुरे. पडद्यावर चित्रंही नकोत. राक्षस दाखवला की सगळ्यांचा राक्षस एकसारखा होतो.

"लांडग्याला मारू नका, मुलं घाबरतील," असंही सांगितलं जातं. काळजी समजते, पण मला ते पटत नाही. लहान वर्गाला झेपेल अशी गोष्ट निवडणं हे माझं काम, निवडलेली गोष्ट बोथट करणं नव्हे. गोष्टीतली भीती संपते, हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून तर ती पुन्हा तीच गोष्ट मागतात. बदल करताना दुसऱ्याच कुणाला इजा होऊ शकते. ग्रिम बंधूंच्या 1812च्या आवृत्तीत स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे, 1819मध्ये ती सावत्र झाली. आईची प्रतिमा वाचली, सावत्र आईच्या माथी ते कायमचं बसलं. वर्गात सावत्र आईच्या मायेत वाढणारी मुलं असतात. त्यांच्यासमोर मी ती गोष्ट सांगतच नाही. जगात गोष्टींचा दुष्काळ नाही.

प्रत्येक गोष्ट कुठेही, कधीही सांगायला मोकळी असते असंही नाही. अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांमध्ये कोयोटीच्या, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, कथा फक्त हिवाळ्यात सांगतात. बाहेरच्या माणसाने ही मर्यादा पाळायलाच हवी, आणि गोष्ट कुणाची आहे ते मुलांना सांगायला हवं.

मानधनाबद्दल थोडक्यात. "गोष्ट तर सांगायची, त्याचे पैसे कसले?" हे अजून ऐकावं लागतं. पश्चिम आफ्रिकेत जेली, म्हणजेच ग्रियो, हे परंपरेने कथा सांगणारे आणि गाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर जगत आले आहेत. शोधणं, पडताळणं, वयाप्रमाणे निवडणं, आवाज सांभाळणं, हे सगळं काम आहे.

20 मार्चला जागतिक कथाकथन दिवस असतो. त्या दिवशी सगळ्यांनाच कथाकथनकार हवे असतात आणि नंतर वर्षभर कुणाला आठवण नसते. मला एका दिवसात चार शाळा करण्यापेक्षा एकाच वर्गात पुन्हा पुन्हा जायला आवडेल. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखताना कथाकथनाच्या तासाला जोडून दुसरा एक तास मोकळा ठेवा, मुलांच्या सांगण्यासाठी. बाहेरून कुणाला बोलावणं परवडत नसेल तर वर्गशिक्षकांनी स्वतः सांगावी, पुस्तक मिटून, मुलांकडे बघत. सुरुवात कशी करायची, पहिली गोष्ट कोणती निवडायची, हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी खाली इयत्ता लिहा. प्रत्येकाला उत्तर देईन.